स्पेक्ट्रम ४८के : चित्र येतं, पण रंग गायब

मंडळी, थोडी मदत हवी आहे. माझ्याकडे १९८२च्या पिढीतला झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के हा घरगुती संगणक आहे, बोर्ड इश्यू २ (म्हणजे मुख्य बोर्डाची दुसरी आवृत्ती). मॉड्युलेटर (टीव्हीच्या अँटेना सॉकेटसाठी सिग्नल बनवणारी डबी) बाजूला करून त्याच्या मधल्या पिनवर थेट कंपोझिट (एकाच तारेतून जाणारा व्हिडिओ) सिग्नल आणलाय. सुरू केल्यावर कॉपीराइटची ओळ स्वच्छ उमटते, बेसिक भाषाही चालते, म्हणजे यूएलए (चित्र तयार करणारी मुख्य चिप) आणि खालची १६के रॅम ठीक असावी. पण सगळं कृष्णधवल! दहा-बारा मिनिटं तापला की रंग एकदम उगवतात, तेही थरथरत, आणि बॉर्डर लाल केली तर कडा नुसत्या वाहतात.

आतापर्यंत केलेलं: जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलले. व्होल्टेज ५.०२, ११.९ आणि उणे ४.९, तिन्ही समाधानकारक. केबलही बदलून पाहिली. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर रंग जरा लवकर येतात, एलसीडीवर उशिरा, त्यामुळे माझा संशय रंगाची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या ४.४३३६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर आहे. एलसीडी सबकॅरिअरच्या (रंग वाहून नेणाऱ्या लहरीच्या) बाबतीत फार काटेकोर असतात ना!

क्रिस्टलजवळचा ट्रिमर (फ्रिक्वेन्सी जुळवणारा छोटा कपॅसिटर) फिरवायचा मोह होतोय, पण चाळीस वर्षांचा तो नाजूक जीव, स्क्रूड्रायव्हर लावताच तुटेल अशी धास्ती वाटते. शिवाय फ्रिक्वेन्सी काउंटर नाही, साधा ऑसिलोस्कोप आहे. त्याचा प्रोब टेकवला की त्याच्याच कपॅसिटन्सने फ्रिक्वेन्सी सरकणार, मग मोजायचं कुठे?

आधी ट्रिमर बदलू, क्रिस्टल बदलू की रंगाचा सिग्नल बनवणारी एलएम१८८९ चिपच गरम-थंड करून तपासू? व्हीआर१, व्हीआर२ या रंग जुळवायच्या प्रीसेटना अजून हात लावलेला नाही. कुणी हे निस्तरलं असेल तर क्रम सांगा.