मदत हवी आहे: लॅब (लॅब्राडोर कुत्री) गाभण आहे आणि नराच्या हिपचा रिपोर्ट आत्ता कळला

आमची लॅब साडेतीन वर्षांची आहे, पहिलंच बाळंतपण, मेटिंगपासून आज ५९ वा दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ टेंपरेचर घेतोय, काल १००.६ होतं आज १००.१, ९९ च्या खाली गेलं की साधारण २४ तासात पिल्लं येतात हे माहितीये. कालपासून जुनी चादर पंजानं ओरबाडून कोपऱ्यात गोळा करतीये आणि मी उठले की मागे मागे येते.

खरी काळजी वेगळीच आहे. नराच्या मालकांनी परवा सांगितलं की त्याच्या एक्सरेत हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) निघालाय. हिच्या हिप्स चांगल्या आहेत, पण हा आजार एका जीनचा नसतो त्यामुळे पिल्लांमध्ये येऊ शकतो ना. मेटिंगच्या आधी रिपोर्ट मागायला हवा होता, चूक माझीच आहे, फार वाईट वाटतंय.

पेनहिप एक्सरे (खुब्याचा सांधा किती सैल आहे ते मोजणारा) १६ आठवड्यांपासून करता येतो असं वाचलंय, कोणी केलाय का? तोपर्यंत पिल्लं स्वतःकडेच ठेवावीत की घेणाऱ्यांना सगळं सांगून ८ आठवड्यांनी द्यावीत? आणि वाढीच्या वयात वजन, जिने, गुळगुळीत फरशी याबद्दल तुम्ही काय काय सांभाळलंत? प्लीज अनुभव असेल तर लिहा.

अजून एक, पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर, बरोबर ना?