मदत हवी आहे: लेकीला घेऊन माहेरी जाता येईल का?
आम्ही कोथरूडला राहतो. लेक झाल्यावर मी नोकरी सोडली. आता नवऱ्याने घटस्फोटाचं काढलंय. मला लेकीला घेऊन सांगलीला आईकडे जायचंय. तो म्हणतो, पुण्याबाहेर नेलंस तर केस टाकीन. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो. पण ती दिवाळीत पाचची होईल, मग पुढे? शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टाची परवानगी घेऊनच निघावं का? किराण्याचे पैसेसुद्धा तो बिल बघून देतो, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम (केस चालू असेपर्यंतची) पोटगी लगेच मागायची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथला अनुभव कुणाला असेल तर प्लीज सांगा. जूनआधी शाळेचं ठरवायचंय.