नऊवारी, लेहंगा आणि मामीची टेप

छकुली: सगळ्यांना एक विचारायचंय. आज दादरला हिंदमाताजवळ एका दुकानात गेले होते. तिथली बाई म्हणाली, तुमची उंची कमी आणि कंबर-मांड्या भरलेल्या, तुम्हाला नऊवारी नाही शोभणार. गाऊन किंवा लेहंगाच घ्या. मला मुहूर्ताला नऊवारीच नेसायचीये गं. खूप वाईट वाटलं. खरं सांगा, नको का नेसू?

आत्या: कोण म्हणतं नको? आम्ही येवल्याला पैठणी घ्यायला चाललोय तुझ्यासाठी, ठरलंय ते.

आई: घरी आल्यापासून जेवली नाहीये ती.

आजी (आईच्या फोनवरून): माझी सासू नऊवारी नेसून शेतात निंदायला जायची. जाड, बारीक, उंच, बुटक्या सगळ्याच नेसायच्या. दुकानदारणीला काय ठाऊक.

काकू: तीन महिने आहेत अजून. थोडं चालणं वाढवलं तर कंबर कमी होईलच की.

मामी: वहिनी, मी पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय म्हणून सांगते, शिवायचं ते आजच्या अंगाला. बारीक झाली तर टाके आत घेता येतात. तीन महिने धाकात काढलेल्या नवरीचा चेहरा फोटोत लगेच कळतो, तो मला टाके घालून नीट करता येत नाही.

मामी: आता छकुली, तुझं. उंची ४ फूट ११ ना? साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ ते ४८ इंच असतो. तुझं कमरेपासून घोट्यापर्यंत माप भरेल ३५-३६. म्हणजे वरचं दहा-बारा इंच कापड कमरेतच खोचलं जातं. बहुतेकजणी ते सगळं पोटावर गोळा करतात आणि मग आरशात बघून म्हणतात, पोट दिसतंय. ते पोट तुझं नाही बाळा, कापडाचं आहे. नेसवणारीला सांगायचं, आधी कमरेला सुती नाडी घट्ट बांध आणि जास्तीचं कापड गोल फिरवत सपाट खोच. एका जागी गाठोडं नको.

छकुली: हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मामी: काठ बारीक घ्या. चार-पाच बोटांचा. हातभर रुंद काठ उंच मुलीवर छान दिसतो, तुझ्यासारखीला पायापाशी आडवा कापतो आणि उंची आणखी कमी दिसते. काष्ट्याचा काठ मात्र मागून उभा जातो, तो उंची वाढवतो. म्हणून तर नऊवारी बुटक्या मुलीला सहावारीपेक्षा बरी दिसते, ती बाई उलटंच सांगत होती. बुट्टे लहान आणि विरळ. आणि कापड मऊ, अंगावर बसणारं. कडक, फुगणारं नको, निऱ्या पुढे छत्रीसारख्या उभ्या राहतात.

आत्या: मग रेडिमेड शिवलेली घ्यायची का? झटकन चढते म्हणतात.

मामी: स्वस्तातल्या साडीची शिवा खुशाल. पण हातमागाची पैठणी कापू नका हो, माझ्या हातून तिला कात्री लागणार नाही. येवल्यात पदर उलटा करून बघा. खऱ्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, धागे लोंबत नाहीत.

ताई: ब्लाउजचं पण सांग गं तिला. माझ्या लग्नात शिंप्याने मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, इतका घट्ट ठेवला होता की हार घालताना हात खांद्यावर जाईना. हे खाली वाकले तेव्हा कुठे हार पडला. शिलाईत माया म्हणून आत जास्तीचं कापड अर्धा इंचही सोडलं नव्हतं, उसवायचं तरी काय. अजून तो फोटो बघितला की डोळ्यांत पाणी येतं.

मामी: आठवतंय मला. छकुलीच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया ठेवेन. प्रिन्सेस कट करू, म्हणजे लांब उभ्या शिवणीचा, छातीला वाटीसारखा तुकडा जोडलेल्या कटोरीपेक्षा तुझ्या अंगाला सरळ बसेल. बाही कोपराच्या जरा वर, कारण दंडाच्या सगळ्यात भरलेल्या जागी बाही संपली की नजर तिथेच जाते. वाकीही तिथे नीट बसेल. पाठीवर भारी वर्क नको करूस, शेला आणि गजऱ्यांखाली काही दिसत नाही. तो पैसा कापडात घाल.

छकुली: आणि रिसेप्शनला फिशकट लेहंगा? तो आवडलाय मला.

मामी: आवडलाय तर घे. पण त्याचा घेर गुडघ्यापाशी सुटतो, तुझ्या पायांची लांबी तिथे तुटते. तो गुडघ्याच्या दोन इंच वर सोडायला लाव. मला विचारशील तर कळीदार बरा, उभ्या कळ्या जोडलेला, कमरेला चुण्या नसलेला. कॅन-कॅन, म्हणजे आतली फुगवणारी कडक जाळी, कमरेपासून नको, मांडीच्या मध्यापासून खाली. नाहीतर भरलेल्या जागीच आणखी भर पडते. आणि माप चपला घालूनच द्यायचं.

ताई: फिशकटमध्ये स्टेजच्या पायऱ्या चढता येतात का, तेही बघ.

मामी: तेच महत्त्वाचं. आपण उभं राहून आरशात बघतो, आणि लग्नातले बरेचसे विधी होतात बसून. गौरीहर, कन्यादान, होम, सगळं पाटावर मांडी घालून. कापड कुठे ओढतं, निऱ्या कुठे सुटतात, श्वास कुठे अडतो, ते बसल्यावरच कळतं. शनिवारी या सगळे. छकुली, त्या दिवशी घालणार आहेस तीच अंतर्वस्त्रं आणि सायकलिंग शॉर्ट घालून ये, त्यावरच माप घेते. आजीची जुनी नऊवारी आणा. आधी नेसवू, मग पाटावर अर्धा तास बसवू. पन्हा किती खोचावा लागतो ते लिहून ठेवलं की येवल्यात तसंच बघायचं.

आजी (आईच्या फोनवरून): माझी हिरवी आहे, ट्रंकेत. मऊ झालीये आता. तीच घ्या.

छकुली: मामी 🙏 शनिवारी सकाळी दहाला येते.

आई: जेवली हो आत्ता. दोन भाकऱ्या.

बाबा: पाट माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. एक पाय डगमगत होता, बसवला.