बाबांच्या जन्मनोंदीत समासातला शेरा, नेमका काय अर्थ?

साताऱ्याची_नात : वंशावळ लिहायला घेतलीय. बाबांचा जन्म 1972 चा, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात. दाखल्यावर वडील म्हणून आमच्या आजोबांचंच नाव आहे. पण ग्रामपंचायतीत मूळ रजिस्टर बघितलं, तर बापाच्या रकान्यात निळ्या शाईत आजोबांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे अण्णाआजोबांचं नाव! समासात लाल शाईत दोन ओळी. ‘दुरुस्ती’, ‘आदेश क्र.’, सही आणि 1979 एवढं लागतं, बाकीचं बांधणीत गेलंय. लिहिणाऱ्याची चूक असेल का? आत्याला विचारलं तर "जुनं उकरून काय करायचंय" म्हणत चहा ठेवायला उठली.

निवृत्त_ग्रामसेवक : ताई, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 बघा. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, दुरुस्ती समासात करून सही-तारीख टाकायची. म्हणून तर जुनं नाव तुम्हाला वाचता आलं. दाखल्यावर दुरुस्तीनंतरचंच येतं, त्यामुळे वंशावळीसाठी नुसत्या दाखल्यावर विसंबू नका. नोंदीचा उतारा मागा आणि ‘समासातील शेऱ्यासह’ असं अर्जात स्पष्ट लिहा. आदेशाचा कागद वेगळ्या फायलीत असतो, मिळाला तर सोनं. आणि कृपा करून ती बांधणी उसवू नका.
काना-मात्रेची चूक असती तर गोष्ट वेगळी. सात वर्षांनी अख्खा बाप बदलतो म्हणजे मला दत्तकाचा वास येतो. आजोबांना तेव्हा मुलगा होता का? 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे मुलगा दत्तक घ्यायचा तर हयात मुलगा नसावा लागतो.

मोडी_वाचक : दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकांकडे 1979 च्या आसपासची सूची चाळा. शाळेचं जनरल रजिस्टरही बघा, फक्त तिथल्या जन्मतारखेवर जाऊ नका. आमच्याकडे निम्मं गाव 1 जूनला जन्मलंय, गुरुजींच्या कृपेनं.

साताऱ्याची_नात : शाळेत जाऊन आले. पहिलीच्या प्रवेशाला अण्णाआजोबांचं नाव, त्यावर एक आडवी रेघ, वर आजोबांचं. जन्मतारीख अर्थातच 1 जून. 😄
मोबाइलवरचा फोटो आत्याला दाखवला. बराच वेळ बोट लावून बघत होती. मग म्हणाली, "आम्ही तिघी बहिणीच होतो ना गं."