अर्ज आपला, तरी मध्ये ‘भाऊ’ कशाला?

उपनगरवासी: मुंबईच्या पूर्व उपनगरातील डोंगरउतारावरच्या आमच्या वस्तीत काही घरांनी मिळून नळजोडणीसाठी अर्ज केला, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने कागद न पाहताच ‘तुमच्याकडच्या भाऊंना घेऊन या’ असे सांगितले. भाऊ नगरसेवक नाहीत. गणपतीत एका पक्षाच्या फलकावर दिसतात, तर दहीहंडीला दुसऱ्या. त्यांनी काम करून दिले, पैसे घेतले नाहीत, मात्र प्रत्येक घरातील मतदारांची नावे आणि मोबाइल क्रमांक वहीत उतरवून घेतले. हे मला फार खटकले. याला दुसरा मार्ग आहे का?

गिरणगावकर: ऐंशीच्या दशकात मी शिवसेनेच्या शाखेत बसत असे. संध्याकाळी लोक येत, कोणाला रेशनकार्ड हवे असे, कोणाला शाळाप्रवेश, आणि आम्ही लेटरहेडवर पत्र लिहून देत असू. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने मुंबईत मूळ धरले ते याच रोजच्या कामांतून, आणि पुढे इतर पक्षांनीही जनसंपर्क कार्यालये थाटली. फरक इतकाच की तेव्हाचा कार्यकर्ता पक्षाला बांधलेला असे, तर आजचा मध्यस्थ स्वतःची यादी घेऊन पक्षाकडे जातो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. २२७ प्रभागांत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे अशा मंडळींचे वजन वाढले, असे माझे निरीक्षण आहे.

सविता: भाऊंना सरसकट दोष देऊ नका. माझ्या सासऱ्यांना रात्री दीड वाजता रुग्णालयात खाट मिळेना, तेव्हा फोन उचलला तो अशाच एका माणसाने.

निवृत्त लिपिक: सविताताई, तो फोन खराच मोलाचा होता; पण नळाचा अर्ज ही आणीबाणी नव्हे. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेच्या अर्जाची पोच मिळणे हा आपला हक्क असून त्यावर कामाची मुदत लिहिलेली असते. मुदत टळली, तर त्याच खात्यात पहिले आणि दुसरे अपील करता येते, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच हातात नसेल, तर अर्ज दिलाच नव्हता असे कोणीही म्हणू शकते, आणि नेमकी तिथेच भाऊंची गरज निर्माण होते. म्हणून तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उपनगरवासी: काका, आभारी आहे. खालच्या गल्लीचा अर्ज पुढच्या आठवड्यात आहे; आम्ही चौघे जाऊन पोच घेऊनच परतू. आमची नावे असलेली वही मात्र भाऊंकडेच आहे, आणि ती परत कशी मागावी हे अजून सुचलेले नाही.