कागदाच्या लगद्याचे मुखवटे कोकणातील पावसाळ्यात टिकावेत यासाठी मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. शाळेत साठणारी रद्दी, म्हणजे जुनी वर्तमानपत्रे, भरलेल्या वह्या आणि पुठ्ठ्याची खोकी, यांच्या लगद्यापासून नमन-खेळे या कोकणातील लोकनाट्यातील गणपती, रावण अशा सोंगांचे मुखवटे आम्ही विद्यार्थ्यांकडून करून घेतो. उन्हाळ्यात केलेले मुखवटे मे महिन्यापर्यंत उत्तम राहतात, बोटाने वाजवले तर खणखणीत आवाज येतो. पाऊस स्थिरावला की मात्र त्यांच्या आतल्या बाजूला बुरशी धरते आणि कडा वाकतात. दुसरी अडचण त्याआधीची आहे. नाक, भुवया, ओठ असे जेथे लगद्याचा थर जाड असतो, तेथे वाळतानाच भेगा पडतात.

सल्ला देणे सोपे जावे म्हणून आमची पद्धत सविस्तर लिहितो. कागद कात्रीने न कापता हाताने फाडतो, कारण फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि एकमेकांत चांगले गुंततात. तुकडे रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी उकळतो, खलबत्त्यात कुटतो आणि फडक्यातून पिळून घेतो. त्यात भिजवून वाटलेली मेथी आणि गव्हाच्या पिठाची खळ मिसळतो. मेथी घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पूर्वी घरोघरी बायका असाच लगदा उलट्या भांड्यावर थापून टोपल्या करत असत. मेथीमुळे लगद्याला चिकटपणा येतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही, असे त्या सांगत. साचा शाडूच्या मातीचा असतो. त्यावर प्रथम नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा थर देतो, म्हणजे वाळलेला मुखवटा साच्यापासून सहज सुटतो.

माझी एक अट आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. भरपूर फेव्हिकॉल, वर ऑइल पेंट आणि प्लास्टिकची चमकी वापरली तर मुखवटा टिकेल, याची मला कल्पना आहे. परंतु ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली शालेय प्रदर्शनांत मांडल्या जाणाऱ्या पुष्कळशा वस्तूंमध्ये टाकाऊ भाग थोडा आणि विकत आणलेला भाग अधिक असतो, आणि प्रदर्शन संपले की ती वस्तू अशा रूपात कचऱ्यात जाते की तिच्यातला कागद पुन्हा कागद म्हणून वापरता येत नाही. रद्दी निदान रद्दीवाल्याकडे तरी गेली असती. म्हणून मोडलेला मुखवटा पुन्हा भिजवून त्याचाच लगदा करता यावा, अशी साधने मला हवी आहेत.

बुरशीचे कारण बहुधा पिठाची खळ हेच असावे, कारण त्यातील पिष्ट हे बुरशीचे आयते खाद्य आहे. काश्मीरमधील कारागीर लगद्यात तांदळाची खळ घालतात, पण तेथील हवा कोरडी आहे. आपल्याला जवळचे उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचे आहे. तेथेही पाऊस धो धो पडतो, आणि तरीही कागदाचे थर चिकटवून, रंगवून, लाखेचा लेप दिलेली ही पाने पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहेत. गंजिफांसाठी चिंचोक्याची खळ वापरतात. ती लगद्यातही चालेल का आणि किती घालावी, हे कोणी स्वतः करून पाहिले असल्यास कृपया लिहावे. खळीत मोरचूद घालण्याचा उपाय मला ठाऊक आहे, परंतु तो विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती देणार नाही. मीठ घालण्याचा सल्लाही मिळाला होता, पण मीठ हवेतील ओल ओढून घेते. आपल्या दमट हवेत त्याने उलटाच परिणाम होईल.

पालघर जिल्ह्यातील जव्हार परिसरात बोहाडा या मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करण्याची परंपरा आहे आणि तेथील पाऊसही आमच्याइतकाच जोरदार असतो. त्या भागातील कोणी येथे असल्यास, ते मुखवटे पावसाळ्यात कसे ठेवले जातात, हे जाणून घ्यायला मला विशेष आवडेल.

प्रतिसाद १

सर, भेगांचे मूळ पाण्यात आहे. लगदा वाळताना त्यातील पाणी जाते आणि तेवढा तो आकसतो. वरचा थर आधी कडक होतो, आतला मागाहून आकसू लागतो, आणि मग ताण येऊन भेग पडते. त्यासाठी लगदा अधिक घट्ट पिळावा आणि त्यात खडूची बारीक चाळलेली पूड मिसळावी. फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे कुटले तरी चालतात, म्हणजे तेही शाळेतलेच टाकाऊ साहित्य झाले. संपूर्ण मुखवटा लगद्याचा न करता त्याचा पाया कागदाच्या पट्ट्यांचा करावा: एक थर उभ्या पट्ट्यांचा, त्यावर आडव्या पट्ट्यांचा. पट्टीत तंतू लांब आणि अखंड राहतात, त्यामुळे ती लगद्यापेक्षा मजबूत असते आणि आकसतेही कमी. लगदा केवळ नाक-भुवयांपुरता, पातळ थरांत, आधीचा थर वाळल्यावरच द्यावा. वाळवणे सावलीत, वारा खेळत असलेल्या जागी असावे.

प्रतिसाद २

आमच्या आजीच्या मेथीच्या टोपल्या चुलीवरच्या माळ्यावर असत. धुरामुळे आणि उबेमुळे त्या पावसाळ्यातही कोरड्या राहत. आता घरात चूल नाही, त्यामुळे निव्वळ मेथीवर विसंबून चालणार नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार जे पॉलिश करतात, त्याचे पातळ हात मुखवट्याला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून द्यावेत. आतली बाजू कोरी राहिली की तेथून ओल शिरते आणि कडा वाकतात. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून हे काम मोठ्यांनीच मोकळ्या हवेत करावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खडूची पूड आणि पट्ट्यांचा पाया या दोन्ही गोष्टी पुढच्या मुखवट्यांत करून पाहीन. आतल्या बाजूला आम्ही आजवर रंगाचा हातही देत नव्हतो, त्यामुळे कडा वाकण्याचा उलगडा झाला. लाख नैसर्गिक असल्यामुळे माझ्या अटीतही बसते. केवळ एक शंका उरते: लाखेचा हात दिलेला कागद नंतर पाण्यात भिजणार नाही, तेव्हा मोडलेल्या मुखवट्यावरची लाख स्पिरिटने पुसून काढल्यास खालचा कागद पुन्हा लगद्याला योग्य राहतो का? चिंचोक्याच्या खळीचे प्रमाणही कोणी सांगू शकल्यास फार मदत होईल. चिंचोके भाजून, साल काढून, दळून ठेवण्याचे काम मुलांनी सुट्टीतच सुरू केले आहे.