मिस्टर बंगलचा कुठला अल्बम आधी घ्यावा? (बजेट २५०० रु.)

सांगलीचा_सूर:
नमस्कार. मिस्टर बंगल या अमेरिकन बँडची तीन-चार गाणी मित्राच्या गाडीत ऐकली, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत. संध्याकाळी हॉटेलात वाजतं तसं मऊ जॅझ चाललेलं असतं, आणि बरोबर समेवर मेटल (कर्कश, दणदणीत रॉक) येऊन आदळतं. बाबा पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचे, त्यांच्यासोबत बसून ऐकायचंय. मोबाइलवरचं त्यांना चालत नाही. एकच अल्बम, एलपी किंवा सीडी. २५०० च्या वर खरंच जमणार नाही.

निशाचर_ठाणे:
डोळे मिटून 'कॅलिफोर्निया' (१९९९). दहा गाणी, पाऊण तासाच्या आत संपतं. लाउंज (तेच हॉटेलातलं मऊ जॅझ), सर्फ आणि डू-वॉपसारखे जुने अमेरिकन पॉपचे ढंग, मेटल, सगळं आहे, तरी प्रत्येक गाणं गाण्यासारखं उभं राहतं. घ्यायची तर एलपीच घ्या. मी बाहेरून मागवली, कस्टम्स धरून साडेपाच हजार पडले, पण सुई टेकली की पैसे आठवत नाहीत.

सुई_आणि_खोबण:
एलपी जपून. माझी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आली ती पापडासारखी वाकलेली. पंधरा दिवस ईमेल करून निम्मे पैसे हातात आले. आणि प्लेअर कुठला आहे तुमचा? सूटकेसवाला असेल तर आधी तो बदला. मी तीस हजारांचा टर्नटेबल घेतला आणि घरातल्या सगळ्या रेकॉर्डी नव्याने कळल्या.

धागाप्रेमी:
कॅलिफोर्नियाला +१. तो जूनमध्ये यायचा होता. रेड हॉट चिली पेपर्सचा 'कॅलिफोर्निकेशन' त्याच दिवशी, त्याच वॉर्नर कंपनीकडून येत होता, म्हणून १३ जुलैला ढकलला. फार अन्याय झाला त्या अल्बमवर.

खर्जातला_माणूस:
सगळे सोपं तेच सांगताहेत. खरा बंगल 'डिस्को व्होलान्ते' (१९९५). पहिल्यांदा काहीच हाती लागत नाही, दहाव्यांदा ऐकताना एकेक दार उघडतं. बाबा वादक आहेत ना, मग त्यांना अवघड जाणार नाही.

निशाचर_ठाणे:
सुरुवातीला तो देऊ नका हो. माझ्या भावाने दुसऱ्या गाण्यावर बंद केला, तो आजतागायत परत लावलेला नाही.

जुनं_खोड:
लाउंज म्हणजे परकं काही नाही. गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत हेच वाजवत होते. आल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटासाठी सी. रामचंद्रांबरोबर होते. तुमच्या बाबांना विचारा, नाव ऐकून डोळे चमकतील. माझी सगळी खरेदी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानातली. तासभर उभं राहून ऐकू द्यायचे. २०१६ ला बंद झालं, त्यानंतर मी विकत काही घेतलेलं नाही.

धागाप्रेमी:
काका, विषय मेटलचा चाललाय.

जुनं_खोड:
अर्धा जॅझचा आहे. तेवढ्यावरच बोललो.

बेसवाली_कोथरूड:
मी डबल बेस शिकते, बंगलचा बेसवादक ट्रेव्हर डन याच्यामुळेच या बँडकडे आले. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या युरेका गावी शाळकरी पोरांनी काढलेला बँड. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे जोडकामच करत नाहीत. लाउंजचा तुकडा जिथे संपतो तिथेच मेटल सुरू, मधे पूल नाही. जॉन झॉर्नच्या 'नेकेड सिटी' या अल्बममध्ये (१९९०) हेच ऐकू येतं, आणि झॉर्न स्वतः सॅक्सवाला. बंगलच्या पहिल्या अल्बमचा (१९९१) निर्माता तोच. म्हणून बाबांसाठी मी 'नेकेड सिटी' सुचवेन, नाहीतर कॅलिफोर्निया. बंगलच्या पहिल्या अल्बममध्ये दोन सॅक्स आहेत, आल्टो आणि टेनर, पण शब्द फार अश्लील आहेत. वडिलांसमोर लावू नका, कळकळीने सांगते.

सुई_आणि_खोबण:
पहिला नकोच. शब्द घाणेरडे आहेत, शिवाय ७३ मिनिटं. आणि २०२० चा तर अजिबात नको. त्यात बँडच्याच १९८६ च्या डेमोतलं थ्रॅश (भरधाव मेटल) परत वाजवलंय, ड्रमर लोम्बार्डो आणि गिटारवाला स्कॉट इयनला घेऊन. लाउंज औषधालाही नाही.

खर्जातला_माणूस:
तो थ्रॅश म्हणून जबरदस्त आहे. लोम्बार्डोच्या हातांना वय नाही.

निशाचर_ठाणे:
पहिला नको, कॅलिफोर्निया घ्या. एलपी.

सांगलीचा_सूर:
सर्वांचे मनापासून आभार. मी पहिलाच घेतला, १९९१ चा. जुनी सीडी, एका संग्राहकाकडून, १४०० रुपये, ओरखडा नाही. बेसवालीताईंनी दोन सॅक्स म्हटलं तिथेच माझं ठरलं होतं. शब्दांची भीती होती, म्हणून बाबांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला इंग्रजी गाणं कुठे कळतंय, वाजवणं ऐकू दे." रविवारी दुपारी अख्खा अल्बम ऐकला. मेटल सुरू झालं की ते कपाळाला आठ्या घालायचे, सॅक्स आला की हात वर करून मला गप्प करायचे. एका जागी "मागे घे, मागे घे" म्हणत चार वेळा ऐकलं. मग "आल्टोवाल्याचा दम चांगला आहे" म्हणाले आणि माळ्यावरची सॅक्सची पेटी काढायला लावली. सात वर्षांनी उघडली. पॅड शाबूत आहेत, रीड (तोंडाशी लावायच्या पट्ट्या) मात्र सगळ्या चिरलेल्या. आल्टोच्या अडीच नंबरच्या रीड सांगली-मिरजेत कुठे मिळतील? बाबा रोज विचारताहेत.